वाजवून घेतलेली माणसं

कुंभाराकडं मडकं घ्यायला गेलेलं माणूस आधी ते बोटानं वाजवून बघतं. रणधीरदादा माणसंही तशीच वाजवून बघायचे. ही त्यांची रीत आधी त्यांच्या आतल्या गोटातल्या माणसांनाच ठाऊक होती, पुढं हळूहळू साऱ्या गावालाही कळली, आणि ठाऊक असूनही तिचा काही उपयोग नव्हता. आपल्यातल्याच एकाला दादा दुसऱ्याकडं पाठवायचे. त्यानं जाऊन दादांच्याच नावानं बोटं मोडायची. दादा आता पहिले राहिले नाहीत, दादांनी आपल्याला विकून खाल्लं, आता काहीतरी केलं पाहिजे, असं काहीबाही बोलायचं. समोरचा गप्प बसला तर तो कच्चा. हो म्हणाला तर फुटका. आणि बोलणाऱ्याला तिथल्या तिथं झाडून, दिवस मावळायच्या आत दादांना येऊन सांगितलं तर पक्का.

काटेवडगावचा सरपंच बंडप्पा हा पक्क्यांतला पक्का. निदान दादा तसं चारचौघांत म्हणायचे. ते ऐकलं की बंडप्पा हसायचा आणि आतून गार पडायचा. कारण दोन वर्षांमागं दगडोबाला वाजवायला दादांनी त्यालाच पाठवलं होतं.

दगडोबा मेंढरं राखणारा, पोटात एक आणि ओठावर एक असं न जमणारा माणूस. बंडप्पानं त्याच्या अंगणात चहा पिता पिता दादांना चार शिव्या हासडल्या, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. दगडोबानं त्याचा हात धरला आणि म्हणाला, "बंडप्पा, मला वाटायचं हे मला एकट्यालाच सलतंय." बंडप्पानं ते बोलणं जसंच्या तसं नेऊन दादांपुढं ठेवलं.

पुढं काय झालं म्हणाल, तर काहीच झालं नाही. दगडोबाचा दोन एकर ऊस होता, त्याला तोडायला टोळीच आली नाही. उसाला तुरे आले, ऊस उभा वाळला. त्याच्या शिवारातला विजेचा डीपी जळाला आणि वायरमनला त्याची वाट सापडेना. गावजेवणाला त्याच्या शेजारी बसायला माणसं का-कू करू लागली. आणि एका दुपारी वाशीच्या रस्त्यावर त्याच्या मोटरसायकलीला टिप्पर घासून गेला. टिप्परला नंबर नव्हता. तो कुणाचा हे अख्ख्या गावाला माहीत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. दगडोबाच्या पायात आता सळई आहे आणि तो दारातल्या बाजेवर असतो. बंडप्पा त्याच्या गल्लीनं जात नाही, वळसा घालून जातो.

आता कुणी म्हणेल, मग अशा माणसाच्या मागं ही माणसं राहतात कशाला? शहरातल्या लोकांना वाटतं, पुढारी पहिल्यापासून नाटक्या असतो आणि मागची माणसं पहिल्यापासून खादाड. तसं असतं तर किती सोपं झालं असतं! गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे, गावचं गायरान. पवनचक्कीवाली कंपनी तिथं पहिल्यांदा आली, तेव्हा हाच रणधीर, अंगावर एक सदरा असलेला पोरगा, क्रेनपुढं आडवा पडला होता. त्याच्या एका बाजूला बंडप्पा, दुसऱ्या बाजूला दगडोबा आणि त्याची बायको लक्ष्मीबाई. पोलिसांची काठी बंडप्पाच्या कानशिलावर बसली, रक्त कॉलरीत उतरलं, तरी माणसं हलली नाहीत. "मेल्याबिगर ह्यो माळ सोडायचा न्हाय," रणधीर म्हणाला होता, आणि ते खोटं नव्हतं. त्या दिवशी तो खरंच मेला असता. बंडप्पाही मेला असता, आणि आनंदानं मेला असता.

मग रणधीरचे दादा झाले. दादांच्या क्रेनी झाल्या, टिप्पर झाले, खडीचं मशीन झालं. कंपनी तीच राहिली, फक्त आता ती दादांच्या बंगल्यावर चहाला यायची. आणि सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तोच माळ कंपनीला द्यायचा ठराव यायचा होता.

"ठराव तुमीच मांडायचा, बंडप्पा," दादा म्हणाले होते. "ज्यानं अडवला त्यानंच दिला, म्हंजे कुणाला तोंड उघडायला जागा राहत न्हाय."

"व्हय दादा," बंडप्पा म्हणाला होता. त्या दिवसापासून त्याला घास गोड लागत नव्हता.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी सकाळी बंडप्पा हरभऱ्याला पाणी देत होता. बांधावरून शिवप्पा येताना दिसला. शिवप्पा उपसरपंच, बंडप्पाचा चुलतभाऊ. बंडप्पाच्या खांद्यावर बसून ज्यानं जत्रा बघितली, तो हा. आल्या आल्या त्यानं इकडं तिकडं बघितलं, आणि तेवढ्यानंच बंडप्पा सावध झाला.

"अण्णा, उद्या तुमी ठराव मांडू नका," शिवप्पा म्हणाला.

"का रं?"

"का म्हंजे? तुमाला ठाव न्हाय? दादा आता पहिले राहिले न्हाईत, अण्णा. आपुन कशासाठी डोकी फोडून घेतली? माझ्यानं आता हे बघवंना झालंय." त्याचा आवाज चिरकला. "तुमी नुसतं गप बसा. म्या उभा राहतो. लक्ष्मीबाई हाय, माळावरची समदी वस्ती येती म्हणलीय. आपुन दोघं न्हाय म्हणलो तर गाव न्हाय म्हणतंय."

बंडप्पाच्या छातीत एकदम काहीतरी उसळलं. हो म्हण, हो म्हण! किती दिवस तो हेच ऐकायला आसुसला होता. त्याचा हात शिवप्पाच्या खांद्याकडं गेलाही असता. पण मग त्याला ते शब्द ऐकू आले. दादा आता पहिले राहिले न्हाईत. दगडोबाच्या अंगणात तो स्वतः याच शब्दांनी सुरुवात करून बसला होता.

त्यानं शिवप्पाकडं नीट बघितलं. खिशात मोबाईल उभा होता. रेकॉर्डिंग चालू असेल का? शिवप्पाच्या डोळ्यांत पाणी होतं. पण पाणी तर त्या दिवशी त्यालाही आणता आलं होतं. सख्ख्यासारखा भाऊ आहे, असं मन म्हणत होतं. मग दगडोबा कोण होता? क्रेनपुढं अंगाला अंग लावून पडलेला माणूस भावापेक्षा कमी असतो का? वाजवायला माणूस पाठवायचा तर दादा परका कशाला पाठवतील? आणि ठरावाच्या आदल्या दिवशी नाही वाजवणार तर कधी वाजवणार?

"शिवप्पा," बंडप्पा मोठ्यानं म्हणाला, खिशातल्या मोबाईलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "तोंड सांभाळून बोल. दादांनी तुला उपसरपंच केलं, माणसात आणलं. पुन्हा असलं बोललास तर माझ्यासारखा वाईट न्हाय."

शिवप्पाचं तोंड एवढंएवढंसं झालं. "अण्णा, तुमी बी?" एवढंच तो म्हणाला आणि आल्या बांधानं परत गेला.

तो दिसेनासा होईस्तोवर बंडप्पा तिथंच उभा राहिला. पाणी वाफा फोडून रस्त्याला लागलं तरी त्याला कळलं नाही. आता सांगायचं की नाही सांगायचं? शिवप्पा दादांनीच पाठवलेला असेल आणि आपण सांगायला गेलो नाही, तर दिवस मावळायच्या आत आपण कच्चे. मग ऊस आपला, डीपी आपला, वाशीचा रस्ताही आपलाच. आणि पाठवलेला नसेल तर? हा विचार मनात आला की बंडप्पा तो झटकत होता. नसेल कसा, असणारच. मग सांगण्यात वाईट ते काय? आपण सांगू, दादा हसतील, म्हणतील, बंडप्पा लई पक्का. शिवप्पाही हसेल. कुणाचं काही बिघडणार नाही. अशी स्वतःची समजूत घालत घालत त्यानं गाडीला किक मारली.

दादांच्या शेतावर हुरड्याची आगटी पेटली होती. चटणी, गूळ, दही, सगळा थाट होता आणि चार-दोन माणसं कणसं भाजत होती. दादा घोंगडीवर मांडी घालून तळहातावर हुरडा चोळत होते. बंडप्पा त्यांच्या कानाशी बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. सांगताना शेवटी हसलासुद्धा, कारण आता दादा हसतील याची त्याला खात्री होती.

दादांचे हात थांबले.

"कोण म्हणलं असं? शिवप्पा?"

बंडप्पाच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, ते काढावं कसं हे त्याला सुचेना. "तुमी... तुमी पाठवलं नव्हतं त्येला?"

"न्हाय," दादा म्हणाले. त्यांनी फुंकर मारून हातातला कोंडा उडवला, दाणे तोंडात टाकले, शांतपणे चावले. आणि मग हसले. फार उशिरा हसले. "बरं झालं सांगितलंत. तुमी हाव म्हणून तर म्या निवांत झोपतो, बंडप्पा. बसा. हुरडा खाऊन जावा."

"न्हाय दादा, पाणी सोडून आलोय हरभऱ्याला..."

"बसा म्हणलं ना."

बंडप्पा बसला. दादांनी एका माणसाला बोटानं जवळ बोलावलं, त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि पांढरी गाडी धुरळा उडवत बाहेर पडली. कुठं गेली हे विचारायची बंडप्पाची छाती झाली नाही. ती शिवप्पाच्या घरी गेली असेल. त्याला उचलून आणतील. इथंच, आपल्यापुढंच आणतील! त्याच्या डोळ्यांपुढं दगडोबाचा पाय येत होता. पुढ्यात गरम हुरडा येत होता, दादा स्वतः चोळून देत होते, आणि बंडप्पा तो गिळत होता. उठून जावं, शिवप्पाला फोन करावा, एवढं साधं काम होतं. पण फोन काढला तर दादा बघतील, म्हणून हात खिशाकडं जात नव्हता.

उन्हं कलली तशी गाडी परत आली. दार उघडलं आणि आतून करिश्मा उतरली. शिवप्पाची लेक, तुळजापूरला कॉलेजात शिकायची, हॉस्टेलवर राहायची. पाठीला पिशवी, तोंडावर हसू.

"मोठे काका, तुमी बी आलाव?" ती बंडप्पाला बघून म्हणाली. "पप्पा कुठं हाईत? गाडीवाले काका म्हणले, पप्पांनी हुरड्याला बोलावलंय."

बंडप्पा अर्धवट उठला आणि परत बसला.

"ये बाय, बस," दादा मायेनं म्हणाले. "तुझा बाप आन म्या एका ताटात जेवलेली माणसं. तिला गूळ द्या रं." त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या पुढ्यात दाणे ओतले, अभ्यासाचं विचारलं, हॉस्टेलच्या जेवणाचं विचारलं. पोरगी मोकळेपणानं सांगत होती. एकाही माणसानं तिच्याकडं वाकड्या नजरेनं बघितलं नाही, आणि त्याचीच बंडप्पाला जास्त भीती वाटत होती.

मग दादांनी आपला मोबाईल बंडप्पाच्या हातात दिला. "शिवप्पाला तुमीच सांगा, पोरगी इथं हाय म्हणून. उगं काळजी करंल. तुमच्यावर त्येचा विश्वास हाय."

बंडप्पानं फोन कानाला लावला. "शिवप्पा... म्या बोलतोय. करिश्मा इथं हाय. दादांच्या शेतावर. हुरडा खायलीय."

मग शिवप्पा म्हणाला, "अण्णा, पाया पडतो. माझ्या लेकीला काय करू नका."

म्हणजे त्यानं बंडप्पाला त्यांच्यातच धरलं होतं. बंडप्पाला ओरडून सांगावंसं वाटलं, की मी नाही रे, मला वाटलं तुला दादांनीच धाडलंय! पण दादा समोर बसून त्याच्याकडं बघत होते. "उद्या ये सभेला टायमावर," एवढं बोलून त्यानं फोन परत दिला.

"आता तुमीच सोडा तिला घरी," दादा म्हणाले. "शिवप्पाला बरं वाटंल."

गाडीवर मागं बसून करिश्मा वाटभर बोलत होती. घाट उतरताना म्हणाली, "मोठे काका, गाडी किती हळू चालवायलाव!"

"थंडी हाय," बंडप्पा म्हणाला.

शिवप्पा दारातच उभा होता. त्यानं लेकीला दंडाला धरून आत घेतलं. बंडप्पा गाडीवरून उतरला, "शिवप्पा, माझं ऐक," म्हणाला. शिवप्पानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. दार लागलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. भर संध्याकाळी, दिवेलागणीला, त्या घराला आजवर कधी कडी लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटला आणि शाळेच्या पटांगणात सभा बसली. दादा सभेला नव्हते. ते तालुक्याला झेंड्याला गेले होते, आणि त्यांचा एकही माणूस काठी घेऊन उभा नव्हता. तरीही कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

बंडप्पानं ठराव वाचला. वाचताना अक्षरं हलत होती. "अनुमोदन कोण देतंय?" असं ग्रामसेवकानं विचारलं, आणि शिवप्पा उठून उभा राहिला. "माझं अनुमोदन," तो म्हणाला आणि खाली बसला. त्यानं दाढी केली होती, धुतलेले कपडे घातले होते. रात्रीतनं माणूस म्हातारा होतो म्हणतात, ते बंडप्पानं तिथं डोळ्यांनी बघितलं.

मग बायकांच्या बाजूनं लक्ष्मीबाई उठली. "म्या न्हाय म्हणती," ती म्हणाली. "लिवून घ्या. आन बंडप्पा, तू बोल की. माझ्या मालकाच्या अंगाला अंग लावून पडला हुतास त्या क्रेनीपुढं. तुझं रगात म्या माझ्या पदरानं पुसलंय. हे खोटं आसंल तर सांग."

बंडप्पानं मान वर करून बघितलं. माळावरच्या वस्तीतली माणसं, तरणी पोरं, म्हातारे, सगळे बसले होते आणि प्रत्येक जण चोरून शेजाऱ्याकडं बघत होता. बंडप्पाला ते झटक्यात कळलं. हे सगळे नाही म्हणायला आले आहेत. प्रत्येक जण कुणीतरी पहिलं उठायची वाट बघतोय, आणि जो उठेल तो खरा की धाडलेला, हे कुणालाच ठरवता येत नाहीये. आपण उठलो तर? आपण उठलो तर त्यांना वाटेल, दादांचा पक्का माणूस आहे, वाजवून बघतोय! एकही हात आपल्या मागं वर येणार नाही. हे त्यानंच केलं होतं, दगडोबापासून कालपर्यंत.

त्याला लक्ष्मीबाईच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. त्याऐवजी तो म्हणाला, "ठरावाच्या बाजूनं हात वर करा."

पहिला हात शिवप्पाचा वर गेला, सरळ, ताठ. मग एक, मग दुसरा, मग सगळेच. लक्ष्मीबाई एकटी उभी राहिली, आणि सभा उठली तरी उभीच होती.

संध्याकाळी बंडप्पा चुलीपुढं बसला होता. राजेश्वरी, त्याची बायको, भाकरी थापत होती. तीस वर्षांच्या संसारात या बाईपाशी त्यानं एकही गोष्ट लपवली नव्हती, एक दगडोबाची सोडली तर. दर भाऊबिजेला दादा तिच्याकडून ओवाळून घेत, साडी देत, "माझी थोरली बहीण" म्हणत. आज सकाळी तिचा फोन वाजला होता आणि ती बोलायला अंगणात गेली होती, हे बंडप्पाला का कुणास ठाऊक आत्ता आठवलं.

तिनं तव्यावर भाकरी टाकली आणि त्याच्याकडं न बघता हळूच म्हणाली, "लक्ष्मीबाई लई रडली म्हणं. माळ गेला की ओ. तुमाला खरंच बरं वाटतंय का? माझ्यापशी तरी बोला. रणधीरदादा आता पहिले राहिले न्हाईत."

हीच ती ओळ. त्याचं मन ओरडत होतं, अरे, ही तुझी बायको आहे! पण जीभ त्याच्या आधी हलली. "दादांनी आपल्यासाठी लई केलंय," तो खड्या आवाजात म्हणाला. "त्यांच्याबद्दल ह्या घरात असलं काय बोलायचं न्हाय."

राजेश्वरीचा हात थांबला. तिनं वळून नवऱ्याकडं बघितलं. भाकरी करपायला लागली तरी ती बघतच राहिली, आणि बंडप्पाला तिच्या डोळ्यांत राग दिसला नाही, कीव दिसली नाही. ती घाबरली होती. त्याला घाबरली होती.

"म्या आपलं सहज म्हणलं," ती म्हणाली. "तुमी दादांना सांगू नका."